शेवटचा चौकोन जावयाचा

अहल्याअक्काविषयी बोलायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून म्हणू नका की शालन फार तोंडाळ आहे. आहेच मी तोंडाळ. बंगळुरात हलसूरच्या आमच्या गल्लीत कुणीतरी असायला नको?

आमचं आणि बिंदुमाधवरावांचं घर भिंतीला भिंत लागून. गच्ची तर एकच म्हणा, मधे कमरेइतका कठडा. बिंदुमाधवराव म्हणजे अक्काचे वडील. म्हैसूर सरकारच्या कचेरीत हेडक्लार्क होते, मग निवृत्त झाले. आपले पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इकडे आले हे ते भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायचे, आणि तेही कानडीत, कारण बाजारात मराठी बोलून कोथिंबिरीची काडी मिळत नाही. मराठी घरात, उंबऱ्याच्या आत. म्हणून तर पुण्याच्या त्या साप्ताहिकाचं एवढं कौतुक.

हे साप्ताहिक टपालानं यायचं, आख्ख्या हलसुरात त्या एकाच घरी. शुक्रवारी टपालवाला येऊन गेला की अण्णा चष्मा पुसायचे, आरामखुर्चीत बसायचे आणि थेट शेवटचं पान उघडायचे. मुली वडिलांना अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणते. शेवटच्या पानावर शब्दकोडं असायचं. बातम्या, गोष्ट, पाककृती सगळं मागाहून. मग ते मोठ्यांदा वाचायचे, “आडवा शब्द पहिला. राजाच्या हुकमावर उमटते ती. चार अक्षरं.” आणि आत पोळपाटावरून आवाज यायचा, “राजमुद्रा.” अण्णा स्वल्प थांबायचे, छताकडे बघायचे, आणि जणू छतातूनच शब्द पडला अशा थाटात म्हणायचे, “राजमुद्रा! अर्थात!” की पेन्सिलीनं भरून मोकळे.

असं सगळं कोडं. एकूण एक शब्द आतून यायचा आणि बाहेर अण्णांचा होऊन बसायचा. मठात पंगतीला बसलं की लोक म्हणायचे, बिंदुमाधवरावांसारखी कोडी सोडवणारा बंगळुरात दुसरा नाही. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मी एकदा अक्काला म्हटलंसुद्धा, “तुला राग कसा येत नाही गं?” तर हसली. “पेन्सिल कुणाच्या का हातात असेना, शालन. उत्तर बरोबर येतं ना?”

आता ही बाई बापाच्या घरी पोळ्या का लाटत होती तेही सांगते. अक्काचं लग्न शिमोग्याच्या एका सुखवस्तू घरात झालं होतं. पहिली दिवाळी इथंच, हलसुरात झाली. जेवणं झाल्यावर बायकांनी जावयाला एक हुमण घातलं. साधं घरगुती कोडं, असतात तशी. जावयानं उत्तर दिलं, ते चुकलं. अक्का तेव्हा एकोणीस वर्षांची पोर. ती खळखळून हसली आणि चारचौघांत खरं उत्तर सांगून टाकलं. झालं! साहेब विडा न घेता उठले. वर्षाच्या आत तिला ट्रंकेसकट माहेरी आणून सोडलं आणि दुसरी केली. तेव्हा इकडे कायदा आडवा येत नव्हता. सासरचे एवढंच म्हणाले, मुलगी उद्धट आहे, नवऱ्याची चूक काढते. आणि अक्काच्या घरच्यांनीही तेच धरलं. नवरा हलकट निघाला असं एकाही माणसाच्या तोंडून आलं नाही. पोरीची जीभ लांब, एवढंच सगळ्यांना दिसलं. त्या धसक्यानं अक्काची आई अंथरुणाला लागली, ती उठलीच नाही, आणि त्याचंही खापर कुणावर फुटलं असेल ते तुम्हीच ओळखा.

म्हणून धाकट्या कमलाचं लग्न झालं तेव्हा अण्णांची तऱ्हा अशी की दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो तशी. हा जावई अरविंद. विमान कारखान्यात हजेरी खात्यात नोकरीला. खरं सांगायचं तर साधा, हसतमुख माणूस. कुणी दुसऱ्यांदा वाढलं की दुसऱ्यांदा खायचा, बसा म्हटलं की बसायचा. त्याला मान नको होता की पान नको होतं. पण अण्णा ऐकतील तर ना! त्याच्या चपलासुद्धा स्वतः सरळ करून ठेवायचे. सासरा हो, जावयाच्या चपला!

आणि त्याच भरात त्या घरात एक रीत पडली. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला अरविंदराव जेवून विडा खात बसले होते आणि अण्णांच्या हातात कोडं होतं. एकच चौकोन उरला होता. अण्णा म्हणाले, “जावईबापू, शेवटचा चौकोन तुमचा.” त्यानं भरला. अण्णांना इतका आनंद झाला की तेव्हापासून प्रत्येक सणावाराला कोड्यातला एक चौकोन कोरा ठेवायचा आणि जावयानं तो भरायचा, असंच ठरून गेलं. जसा पहिला घास, जसा पाट, तसा हा चौकोन. सोपाच शब्द ठेवायचे, म्हणजे चुकण्याची भीती नाही. जावई भरणार आणि सगळे “वा!” म्हणणार. मी कठड्यावरून बघायची आणि मनात म्हणायची, रामा, काय काय बघायला लावतोस!

एकोणसाठ सालच्या पावसाळ्यात त्या साप्ताहिकात एक निवेदन आलं. त्यांची कोडी रचणारे गृहस्थ वयामुळे थांबणार होते. नवा कोडेकार वाचकांतूनच निवडायचा होता. एक मोठं कोडं छापलं जाईल, ते बिनचूक सोडवायचं, आणि त्याच्यासोबत स्वतः रचलेलं एक कोडं पाठवायचं. ज्याचं उत्तर बिनचूक आणि कोडं सरस, त्याच्याकडे पुढे वर्षभर शेवटचं पान. कोड्याच्या माथ्यावर त्याचं नाव आणि गाव छापणार.

अक्कानं ते वाचलं आणि त्या दुपारी प्रथमच ती माझ्याकडे काम नसताना आली. पंखा नव्हता, तरी पदरानं वारा घेत उभीच राहिली. “शालन,” म्हणाली, “मी पाठवू?”

“विचारतेस काय! पाठव!”

“नाव काय घालू पण? माहेरचं की त्यांचं?”

शिमोग्याच्या माणसाचं नाव तिनं का लावावं? आणि माहेरचं लावलं तर लोक विचारणार, का बरं? रेशनकार्डावर ती अण्णांच्या नावाखाली. पत्रं येतात ती अण्णांच्या नावानं. हळदीकुंकवाला बोलावणं तर तिला येतच नाही. नवरा जिवंत असून येत नाही, बघा! मी रागानं म्हटलं, “नुसतं अहल्या लिही. अहल्या, बंगळूर.”

“अहल्या, बंगळूर,” ती म्हणून बघायला लागली. पुन्हा एकदा म्हणाली. आणि मग असं हसली की मला गलबलून आलं. तिला काय हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं. पैसा नको, शाबासकी नको. परत पाठवलेली, उद्धट, जीभ लांब असलेली, असं ज्या बाईला चौदा वर्षं ऐकवलं, तिला त्याच जिभेवरचे शब्द आपल्या नावाखाली छापून आलेले बघायचे होते. एवढंच.

अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, “पाठव की. कोडं तर आपण सोडवतोच.” आपण! पण बरं झालं, हो म्हणाले.

तिनं जे कोडं रचलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर चौकोन आखायची, दुपारभर शब्द बसवायची, पुसायची, परत बसवायची. भात उतू गेला तरी कळायचं नाही. माझ्यावर एकेक सूत्र घालून बघायची. मी हरले की टाळ्या पिटायची, लहान पोरीसारखी. इतक्या वर्षांत तिला तसं पाहिलं नव्हतं मी.

मग ते मोठं कोडं आलं. उत्तर अंकातल्या कुपनावरच भरायचं, शाईनं भरायचं, खाडाखोड केलेलं कुपन बाद. एका अंकात एकच कुपन. अक्कानं दोन दिवसांत सगळं सोडवलं. एकाच शब्दाशी अडली, आणि तीही अर्धा दिवसच.

सूत्र असं होतं: ‘वर चढताना विमानाचे तोंड याच्याकडे.’ दोन अक्षरं. दुसरं अक्षर ‘रा’, ते उभ्या ‘रामफळा’तून आलेलं, पक्कं. पहिल्या चौकोनातून दुसरा कुठलाच शब्द जात नव्हता, त्यामुळे तिथे काय घालायचं ते नुसत्या सूत्रावरून ठरवायचं. अण्णा म्हणाले, “तारा. वर चढतं म्हणजे ताऱ्याकडेच तोंड.” मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू.

अक्काला ते पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. पावसाळी दिवस, पश्चिमेकडून वारा सुटलेला, दोरीवरच्या साड्या पूर्वेकडे फुगून उभ्या. तेवढ्यात विमानतळाकडून धडधडत विमान आलं आणि आमच्या डोक्यावरून पश्चिमेकडे गेलं. ती पिळलेलं लुगडं तसंच हातात धरून बघत राहिली.

“शालन, थंडीत ही विमानं आपल्यावरून वर चढत नाहीत, नाही का? थंडीत खाली येताना दिसतात.”

“असतील. मी काय विमानं राखते?”

“थंडीत साड्या उलट्या बाजूला उडतात,” ती म्हणाली. “कठड्यावर घासून फाटतात, म्हणून मी दोरी बदलते. म्हणजे वारा जिकडून येतो, तिकडे तोंड करून चढतात ती. वारा! शालन, वारा आहे ते!” आणि मला मिठीच मारली, ओल्या लुगड्यासकट.

तिनं धावत खाली जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग डोळे मिचकावून म्हणाले, “मग असं करू. परवा गौरीच्या जेवणाला जावईबापू येणार आहेत. हाच चौकोन त्यांच्यासाठी ठेवू! विमानाचा प्रश्न, विमान कारखान्यातल्या जावयाला. काय मजा येईल!”

मी नको म्हणायला तोंड उघडलं. पण अक्काच म्हणाली, “सरी, बरं, राहू दे. त्यांच्या तर रोजच्या डोळ्यांसमोरचं आहे. ते वाराच म्हणतील.” तिला खरंच तसं वाटलं. बाकीचं कुपन अण्णांनी शाईनं, सुरेख अक्षरात भरून टाकलं. एक चौकोन कोरा.

गौरीच्या दिवशी मी तिथंच होते, वाढायला मदत करत होते. होळिगे, चित्रान्न, कोसंबरी, आंबोडे, सगळं अक्कानं पहाटेपासून उठून केलेलं. अरविंदराव आग्रहानं इतकं जेवले होते की त्यांचे डोळे मिटायला लागले होते. कमला शेजारी, नवी साडी, पोटाशी हात. तिला दिवस गेले होते. अण्णांनी चांदीच्या तबकात विडा आणला आणि विड्याशेजारी, काय सांगू, ते कुपन! वर स्वतःचं फाउंटनपेन.

“जावईबापू, शेवटचा चौकोन तुमचा. आणि आज प्रश्नही तुमच्याच खात्यातला.” अण्णांनी सूत्र वाचून दाखवलं.

अरविंदरावांनी जांभई दाबली. कुपनाकडे बघितलं. “वर चढताना… तोंड… रा…” म्हणाले आणि हसले. “तारा, नाही का? छान आहे.”

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ताकाचं भांडं. तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांना माहीत होतं! दोन दिवसांपूर्वी तिनंच सांगितलं होतं, सगळं समजावून सांगितलं होतं. अण्णा नुसते हसत होते, मान हलवत होते. अरविंदरावांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात विमान आलं. घरावरून, भिंती हलवत, पश्चिमेकडे. आणि मागच्या दारातून दिसत होत्या त्या साड्या, पूर्वेकडे फुगलेल्या. अक्का एक पाऊल पुढे आली. “अरविंदराव, थांबा स्वल्प, ते—”

“अहल्या!” अण्णा म्हणाले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुझं एकीचं झालं तेवढं पुरे.”

ताकाचं भांडं धरलेला तिचा हात मी बघत होते. सांडलं नाही हो एक थेंबही. मी मात्र गप्प बसले नाही. मी म्हटलं, “अण्णा, अहो तिचं बरोबर आहे, वारा आहे तो!” तर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शेजारणीनं आपली पायरी ओळखावी. कमला घाबरून म्हणाली, “शालन, जाऊ दे ना, सणाच्या दिवशी.” बिचारीला वाटलं असेल, आपलीही ट्रंक तयार होतेय. अरविंदरावांना विमानाच्या आवाजात यातलं किती ऐकू गेलं देव जाणे. त्यांनी ‘ता’ लिहिलं. निळ्या शाईत, मोठं, ठसठशीत. अण्णा म्हणाले, “वा!”

अक्का आत गेली. मी मागोमाग गेले तर ती भांडी घासायला बसली होती, मोलकरीण असताना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी म्हटलं, दुसरं कुपन मिळवते. दुसऱ्या दिवशी बस पकडून गांधीनगरच्या वाचनालयात गेले. अंक होता. शेवटचं पानही होतं. कुपनाच्या जागी नीट कात्रीनं कापलेलं भोक. त्या वाचनालयवाल्याशी मी कानडीत असं भांडले की तो अजून मला बघून आत जातो. पण त्याचा तरी काय दोष? पुण्याहून अंक मागवावा तर मुदत टळून गेली असती.

अक्कानं तेच कुपन पाठवलं, सोबत आपलं कोडं. मी म्हटलं, “चुकीचं उत्तर कशाला पाठवतेस?” तर म्हणाली, “कदाचित तेच बरोबर असेल. मी तरी काय, साड्या बघून सांगितलं.” तिला तसं वाटत नव्हतं. पण माणूस आशा धरतं, त्याला काय करणार.

निकाल आला तो दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी. अण्णांनी वाचला, मोठ्यांदा, नेहमीसारखा. उत्तर ‘वारा’. नवे कोडेकार मिरजेचे कुणी गृहस्थ. खाली संपादकांच्या चार ओळी होत्या. बंगळूरच्या एका वाचकांनी रचलेले कोडे आलेल्या सर्व कोड्यांत सरस होते, परंतु त्यांच्या उत्तरात एक चूक असल्याने नियमानुसार विचार करता आला नाही.

“बघ, बघ!” अण्णा आतल्या बाजूला वळून ओरडले. “आपलं छापून आलं! बंगळूरच्या एका वाचकांनी!”

नाव नाही. बाई की बाप्या तेही नाही. ‘एका वाचकांनी.’ अक्का बाहेर आली, तिनं त्या ओळी स्वतः वाचल्या, अंक घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, “डाळ भिजवायची आहे.” मला रडू आवरेना, ती मात्र डाळ निवडत बसली.

आणि कहर पुढेच आहे. दसऱ्याला अरविंदराव सोनं द्यायला आले. अण्णांनी हसत हसत सांगितलं, तुमचा तारा चुकला बरं का, वारा होता. हसत हसत! अरविंदरावांनी कपाळावर हात मारला.

“अहो, वाराच की! आमच्याकडे धावपट्टीच्या कडेला खांबावर लांब कापडी पिशवी असते, वारा कुठून येतो ते बघायला. वाऱ्याकडे तोंड केल्याशिवाय विमान चढवतच नाहीत. गेटावरचा देवाप्पासुद्धा सांगेल! त्या दिवशी पोट भरलं होतं, मी काही विचारच केला नाही. मला वाटलं तुमचं सगळं ठरलेलं असतं, मी आपलं सणाचं म्हणून काहीतरी भरतो. चुकतोय तर सांगायचं ना कुणीतरी! मी काय रागावणार होतो?”

अण्णा आपट्याची पानं बोटांनी सरळ करत बसले. कमलानं खाली बघितलं. मी अक्काकडे बघितलं आणि मला भीती वाटली, इतका तिचा चेहरा शांत होता. अहो, ज्याच्या रागाला भिऊन तिचं तोंड बंद केलं, तो रागावणाराच नव्हता! त्याला कळलंसुद्धा नाही की त्याच्या हातून काय गेलं. भल्या माणसाला शिव्या तरी कशा घालायच्या? मी घातल्या, पण मनातल्या मनात, आणि त्याला नाही.

दिवाळीत कमला-अरविंदराव पुन्हा आले. फराळ झाला. अण्णा खुर्चीत बसले, पेन्सिल घेतली, नवा अंक उघडला. “आडवा शब्द पहिला. देवळाच्या शिखरावर असतो तो. तीन अक्षरं.”

आतून काही आलं नाही. पुऱ्या तळल्याचा आवाज तेवढा.

“उभा शब्द दुसरा. धान्य मोजायचं जुनं माप. तीन अक्षरं.” काही नाही. अण्णांनी तिसरं वाचलं, चौथं वाचलं. मग म्हणाले, “अहल्या, ऐकू येत नाही का?”

“येतं.”

“मग?”

अक्का दारात आली. कपाळावर घाम, हातात झारा. अरविंदराव उठून उभे राहिले आणि खरंच कळवळून म्हणाले, “अक्का, सांगा ना. तुम्हालाच येतात ती.” म्हणजे त्यालाही ठाऊक होतं! सगळ्या जगाला ठाऊक होतं.

अक्का त्याच्याकडे बघून हसली, त्याच्यावर तिचा राग नव्हताच. मग अण्णांकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, “माझं एकीचं झालं तेवढं पुरे, अण्णा.”

आणि आत गेली.

तुम्हाला वाटेल, म्हातारा वरमला असेल, क्षमा मागितली असेल. छट्! अण्णांनी काय केलं, तर दर शुक्रवारी कोडं वाचत राहिले. त्याच खुर्चीत, त्याच आवाजात, स्वयंपाकघराकडे तोंड करून. “आडवा शब्द पहिला.” थांबायचे. “उभा शब्द दुसरा.” थांबायचे. स्वतः दोनचार शब्द भरायचे, त्यातले निम्मे चूक. सणाला अरविंदराव आले की चौकोनच चौकोन कोरे, शेवटचा कुठला आणि पहिला कुठला. अरविंदराव कोड्याकडे बघायचेच नाहीत, मुलाला मांडीवर घेऊन बसायचे. अशी सात-आठ वर्षं गेली. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. कधीकधी उत्तर मलासुद्धा यायचं आणि ओरडून सांगावंसं वाटायचं, पण नाही सांगितलं. मी कोण?

गेल्या वर्षी, सदुसष्टमध्ये, अण्णा अंथरुणाला खिळले. अक्कानं त्यांचं सगळं केलं, हो, बोट दाखवायला जागा ठेवली नाही. पेज भरवली, अंग पुसलं, कूस बदलली. अंक उशाशी असायचा. शेवटच्या आठवड्यात त्यांना नीट दिसत नव्हतं तरी तो हातात धरला आणि म्हणाले, “अहल्या… आडवा पहिला… वाच ना.”

तिनं अंक घेतला आणि वाचला. स्वच्छ वाचला, “पाण्यावर चालते पण पाय नाहीत. दोन अक्षरं.”

अण्णा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पोरालाही येईल असं सूत्र. नाव म्हणायचं, बस, संपलं. “सांग ना,” ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्कानं पदरानं त्यांचे डोळे पुसले, चमच्यानं पाणी पाजलं, पांघरूण सारखं केलं. उत्तर नाही दिलं. मी पायथ्याशी बसले होते. लोक म्हणतील, किती कठोर ही बाई. म्हणोत. मी नाही म्हणणार.

तेराव्याच्या दिवशी मठातले एक जण सगळ्यांसमोर म्हणाले, बिंदुमाधवरावांबरोबर बंगळुरातली मराठी कोडी संपली. अक्का त्यांना ताक वाढत होती.

वर्गणी यंदाच्या वर्षअखेरपर्यंत भरलेली, त्यामुळे अंक अजून येतो. परवा शुक्रवारी मी मागच्या दारानं गेले तर अक्का हरभऱ्याच्या डाळीचे आंबोडे तळत होती आणि तेल निथळायला नवा अंक पसरला होता, शेवटचं पान वर. तेलाचे डाग चौकोनाचौकोनांतून पसरत चालले होते. ती एकेक आंबोडा काढून ठेवत होती, पानाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. भराभर हलत होते.

मी विचारलं, “काय गं म्हणतेस?”

“काही नाही,” ती म्हणाली. “आंबोडे मोजतेय.”